ओढ्याचा तुकडा कुणाकडे?

वाटेवरचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळावरून चालत आलं की पँटला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते चिकटतात. मग निवांत बसून एकेक काढायचं. शुक्रवार पेठेत ओट्यावर आम्ही तीन-चार म्हातारे जमलो की हाच उद्योग करतो, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो सुताचा सांग की!" म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी माझी ओळख. सत्तरच्या दशकात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. सातचा भोंगा झाला की मोठं गेट बंद. पुढची पंधरा मिनिटं फक्त बारकं दार उघडं, आणि त्या दारात मी, हातात लाल शाईचं पेन! सात वाजून एक मिनिट झालं तरी नावापुढं लाल खूण. तोंडावर सगळे मला 'टायमसाहेब' म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते इथं छापण्यासारखं नाही.

आमचे निम्मे कामगार शहरातून सायकलनं यायचे. रस्ता एकच, आणि त्यावर ट्रकांची रांग. एका सकाळी कामावर येताना आमच्यातला दत्तू ट्रकखाली गेला. केस झाली, ड्रायव्हरला वर्षभराची शिक्षा झाली, आणि रस्ता होता तसाच राहिला.

दत्तू गेला त्याच्या पुढच्याच रविवारी मल्लय्यानं सायकलच्या कॅरिअरला फावडं बांधलं. मल्लय्या आमचा सगळ्यात जुना विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं कमीच बोलायचा. रस्ता सोडून माळावरून एक जुनी गाडीवाट एमआयडीसीच्या मागच्या अंगाला जायची. बाभळी आणि तरवडानं ती पार बुजली होती. दोन रविवार तो एकटाच तोडत होता. तिसऱ्या रविवारी सातजण झाले. दिवाळीपर्यंत त्या वाटेनं चाळीस सायकली धावायला लागल्या.

मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मल्लय्याला केबिनमध्ये बोलावलं. "काय रे, वाट काढलीस म्हणे. परवानगी कुणाची घेतलीस?"

मल्लय्या शांतपणे म्हणाला, "बाभळीला विचारलं, साहेब. ती नको म्हणली न्हाय!"

* * *

वाट सुरू व्हायची तिथं रज्जाकभाईंचं सायकलचं दुकान. माळावर सराटे उदंड. सराट्याचा काटा टायरमध्ये घुसला की पंक्चर ठरलेलं. म्हणजे आमची वाट ही रज्जाकभाईंची चांदीच की!

पण पहिल्याच महिन्यात बघतो तर काय, रज्जाकभाई हातात खराटा घेऊन वाटेवरचे सराटे झाडतायत. मी थट्टेनं म्हणालो, "भाई, स्वतःच्या पोटावर पाय? पंक्चर काढायला कोण येणार मग?"

रज्जाकभाई कंबर सरळ करत म्हणाले, "पंक्चर काढायला गिऱ्हाईक पायजे ना, टायमसाब? और गिऱ्हाईक जिंदा पायजे!"

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही.

* * *

वाटेचे आम्ही तुकडे पाडले होते. ज्याचा तुकडा त्यानं राखायचा. खड्डा बुजवायचा, फांदी छाटायची, पाण्याला वाट काढून द्यायची. रज्जाकभाईंच्या दुकानातल्या फळीवर खडूनं नावं लिहिलेली असायची. मलाही एक तुकडा दिला होता, कारण मीही त्याच वाटेनं यायचो. टाइमकीपर झाला म्हणून ट्रक काय त्याला सलाम करणार आहे?

तपासणी दर रविवारी. मल्लय्या एका हातात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास धरायचा, दुसऱ्या हातानं हँडल, आणि अख्खी वाट सायकलवरून जायचा. ज्याच्या तुकड्यात चहा सांडेल त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना चहा पाजायचा! तो माणूस निघाला की श्वास रोखून आम्ही मागून चालायचो. बोर्डाच्या रिझल्टलाही मी इतका घाबरलो नव्हतो.

पहिल्या तपासणीत चहा सांडला तो नेमका माझ्याच तुकड्यात. मल्लय्या उतरला. ओल्या मनगटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि मागं वळून ओरडला, "अरे, टायमसाहेबांचं लाल पेन आणा रे!"

* * *

आता कमलबाई. दत्तूची बायको. तो गेल्यावर दीड वर्ष त्यांनी घरी कांड्या भरून, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळून, दोन पोरं सांभाळली. मग कारखान्यानं त्यांना दत्तूच्या जागी बदलीवर घेतलं, कांडी खात्यात. बदलीवर म्हणजे सहा महिने पारखणार, मग कायम करणार. मात्र त्या सहा महिन्यांत लाल खुणा तीन झाल्या की नाव कट. हा नियम माझ्याच टेबलाच्या काचेखाली होता.

कामावर हजर व्हायला आठवडा होता, तेव्हाच बाईंनी सांगून टाकलं, "त्या रस्त्यानं मी जाणार न्हाय. बसनं न्हाय, मोटारीनं न्हाय, चालत बी न्हाय."

राहिली आमची वाट. पण सकाळी पोरांचं आवरून तेवढं अंतर चालायचं म्हणजे सातला पोचणं अशक्य. रज्जाकभाई म्हणाले, "भाभी, सायकल शिका. मी शिकवतो. थोडं थांबा, लेडीज सायकल कुटं मिळते का बघतो."

"लेडीज कशाला?" कमलबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करत म्हणाल्या, "काष्टा हाय की!"

आणि दुकानातल्या जुन्या जेन्ट्स सायकलवर त्यांनी टांग टाकली. तीन दिवस पडल्या. गुडघे फुटले. पेठेतली माणसं दारात उभी राहून बघायची, हसायची. आठव्या दिवशी चाळीस सायकलींच्या रांगेत त्यांची सायकल होती, आणि ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांच्यातले दोघे त्यांच्या मागं होते.

* * *

तो सुताचा किस्सा असा.

वाटेवर काळ्या मातीचा एक पट्टा होता. पावसाळ्यात तिथं चाक रुतायचं. कितीही मुरूम टाका, माती गिळून टाकायची. आता विणकरांच्या डोक्यातून आयडिया निघणार ती कसली? सुताची! कारखान्यात मागांखाली सुताचा गुंता पोत्यानं पडलेला असतो. फेकूनच देतात. आम्ही वीस पोती आणली, चिखलात दाबून बसवली, वर मुरूम पसरला. रविवारी मल्लय्याचा चहा थेंबभरही सांडला नाही. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या!

रात्रीतून पाऊस झाला. सोमवारी सकाळी पहिल्या सायकलीच्या चाकानं एक धागा उचलला. त्याच्यामागं दुसऱ्यानं. बघता बघता चेनमध्ये सूत, फ्रीव्हीलमध्ये सूत, पॅडलला सूत. चाळीस सायकली आणि चाळीस रहाट! पुढचा थांबला की मागचा त्याच्यावर. कुणी दातानं तोडतंय, कुणी विळ्यानं कापतंय. आणि मी हातातल्या घड्याळाकडं बघतोय.

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही सगळे बारक्या दाराशी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रजिस्टर उघडलं आणि लाल पेन काढलं. पहिली खूण स्वतःच्या नावापुढं केली. मग ओळीनं एकेक. कमलबाईंच्या नावाशी हात थांबला. पण लिहिलं. त्यांची पहिली.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.

मल्लय्या खाली बसून चेनमधून धागा ओढत होता. वर न बघता म्हणाला, "वीस नंबरचं सूत हाय हे. काय केल्या तुटत न्हाय. टायमसाहेबांसारखं!"

* * *

वाटेचा मधला भाग सिद्रामप्पांच्या बांधावरून जायचा. सिद्रामप्पा म्हणजे घरात कन्नड बोलणारा, रानात कुणाशीच न बोलणारा शेतकरी. पावसाळा सरता सरता एका सकाळी बघतो तर बांधावर आडव्या बाभळीच्या फांद्या रचलेल्या, आणि त्यापलीकडं काठी घेऊन स्वतः सिद्रामप्पा.

"इल्ला! हितनं जायचं न्हाय. चाळीस सायकली रोज. माझा बांध तुमच्या बापाचा हाय का?"

हातापाया पडलो. काही उपयोग नाही. सहा चाळीस झाले होते. सगळ्यांनी सायकली वळवल्या आणि जीव मुठीत धरून रस्त्यानं सुटले. मीही सुटलो. कमलबाई सुटल्या नाहीत. त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि सिद्रामप्पांच्या शेताला लांबून वळसा घालून, ढेकळांतून, काट्यांतून चालत आल्या. सात वाजून नऊ मिनिटं. पायातून रक्त येत होतं.

मी दुसरी लाल खूण केली.

"तिसरी लागली तर?" त्यांनी विचारलं.

"नाव कट होईल."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरी बायकोनं विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो.

रविवारी आम्ही सिद्रामप्पांकडं गेलो, ते अर्ज-बिर्ज न घेता, फावडी घेऊन. त्यांचा बांध खालच्या अंगाला फुटला होता, शेतातली माती वाहून चालली होती. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही मागितलं नाही. दगड आणले, भगदाड बुजवलं, माती चोपली. दुपारपर्यंत सिद्रामप्पा लिंबाखाली बसून नुसतं बघत होते. शेवटी उठले, आडव्या फांद्या स्वतः ओढून बाजूला केल्या.

"जावा. पन घंटी वाजवायची न्हाय. माझा बैल बुजतो."

तेव्हापासून रोज सकाळी चाळीस माणसं त्या बैलासमोरून चिडीचूप जायची. बैल मान वर करून एकेकाकडं बघायचा. आमच्या सुपरवायझरनंही आमच्यावर इतकी शिस्त कधी बसवली नव्हती!

* * *

शेवटचा तुकडा ओढ्याचा. सगळ्यात अवघड. पाण्यात मोठे धोंडे मांडलेले, सायकल उचलायची आणि त्यावरून पलीकडं जायचं. पाणी वाढलं की धोंडे सरकायचे. पण दुसऱ्या सकाळी बघावं तर पुन्हा जागच्या जागी! फळीवर त्या तुकड्यापुढं कुणाचंच नाव नव्हतं. मला वाटायचं मल्लय्या करतो. मल्लय्याला वाटायचं रज्जाकभाई करतात. रज्जाकभाईंना वाटायचं सिद्रामप्पा. एकदा सगळे एका ठिकाणी असताना विषय निघाला आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

सिद्रामप्पा म्हणाले, "मला येड लागलंय व्हय, दुसऱ्याचं धोंडं उचलायला?"

आम्ही तिथं एक घमेलं आणि एक फावडं ठेवून आलो. कुणी असेल तर वापरेल. पुढच्या रविवारी घमेलं मुरमानं भरलेलं, आणि दोन्ही काठांना चाक चढेल असा उतार कापलेला. मल्लय्या चहा घेऊन गेला आणि आला. एक थेंब सांडला नाही.

"सगळ्यात चांगला तुकडा," तो म्हणाला, "आणि मालक न्हाय!"

"जिन्न असंल, भाई," रज्जाकभाई कुजबुजले.

"असू दे की. चहा पीत असंल तर बोलवा."

आम्ही हसलो. कमलबाई हसल्या नाहीत. त्या काठावरच्या कापलेल्या मातीकडं बघत होत्या.

* * *

मग आमचा सत्कार झाला. कुठल्याशा पाहुण्यांनी मॅनेजरसाहेबांजवळ वाटेचं कौतुक केलं असावं, कारण एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं. टेबलावर हार, नारळ, घडी घातलेली चादर. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला होता. आठवड्याची एकुलती एक सुट्टी या माणसांनी दोन वर्षं मातीत घातली होती. कुणी त्यांना 'शाबास' म्हणायलाच हवं होतं.

साहेबांनी मल्लय्याच्या खांद्यावर चादर घातली. टाळ्या पडल्या. मल्लय्यानं चादर खांद्यावरून काढली, उघडली, खिडकीच्या उजेडात धरली. विणकर तो, हाताला सवय! टाळ्या थांबल्या. तो बोटानं एक जागा चाचपत होता.

"साहेब, ही सेकंडची हाय. हितं ताण्याचा उभा धागा तुटलाय. माझ्याच मागावरची. मीच बाजूला काढलेली!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. काहीतरी बोलायचं म्हणून ते शिस्तीवर बोलायला लागले. शिस्तीशिवाय कारखाना नाही, बदली कामगारांना सवलत नाही, वगैरे. सगळ्यांच्या नजरा कमलबाईंकडं वळल्या. त्यांचे सहा महिने त्याच आठवड्यात, शुक्रवारी पुरे होत होते. खुणा दोन.

मल्लय्यानं चादरीची नीट घडी घालून टेबलावर ठेवली. "साहेब, मला काय नको. ह्या बाईला कायम करा. त्योच आमचा सत्कार."

"शुक्रवारी बघू," साहेब म्हणाले आणि निघून गेले. नारळ तसाच राहिला.

* * *

शुक्रवार उजाडला. आदल्या दिवशी वर कुठंतरी पाऊस कोसळला होता. आमच्याकडं आभाळ स्वच्छ, आणि ओढा तांबडा, दोन्ही काठ भरून. एकही धोंडा दिसत नव्हता. काठावर आम्ही बावीस-तेवीसजण उभे. घड्याळात सहा अडतीस.

मी मनात हिशोब केला. मागं फिरून रस्त्यानं जायचं तर सात वीस. म्हणजे बारकं दारही बंद.

"बाई," मी म्हणालो, "आता रस्त्यानं गेलात तरी..."

"रस्त्यानं मी जाणारच न्हाय," कमलबाई म्हणाल्या. हँडलवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

तेवढ्यात पलीकडच्या बाभळीमागून एक माणूस खाली उतरला. झाडाला दोर बांधलेला, त्याचं दुसरं टोक हातात. छातीपर्यंतच्या पाण्यातून पाय चाचपत तो आमच्याकडं आला. दोर आमच्या काठावरच्या झाडाला बांधला. अंगावर फाटका खाकी शर्ट, हाताची सालं गेलेली. पहाटेपासून तो धोंड्यांशीच झटत असणार. मान वर न करता म्हणाला, "सायकली द्या. मी नेतो पलीकडं."

आणि मी त्याला ओळखलं. दत्तूच्या केसमध्ये मला साक्षीला बोलावलं होतं, दत्तू किती वाजता कामावर पोचायचा होता ते सांगायला. हा माणूस तेव्हा असाच मान खाली घालून पिंजऱ्यात उभा होता. ट्रकचा ड्रायव्हर.

मल्लय्यानं माझं मनगट घट्ट धरलं. त्यानंही ओळखलं होतं. मी कमलबाईंकडं बघितलं. त्यांनी आमच्या दोघांच्याही आधी ओळखलं होतं.

तो माणूस पाण्यात दोन्ही हात पुढं करून उभा. बाईंनी पाण्याकडं बघितलं. त्या हातांकडं बघितलं. जन्मभर घड्याळ बघणारा मी, त्या वेळी घड्याळ बघायचं विसरलो.

मग त्यांनी सायकल पुढं ढकलली.

त्यानं ती उचलून खांद्यावर घेतली. बाईंनी पदर खोचला, दोर धरला आणि स्वतःच पाण्यात उतरल्या. मध्यावर त्यांचा पाय सरकला. त्याचा हात झटकन पुढं आला आणि हवेतच थांबला. त्यानं खांद्यावरची सायकल फिरवून कॅरिअर त्यांच्यासमोर केलं. बाईंनी कॅरिअर धरलं. एकेक पाऊल टाकत दोघं पलीकडं पोचले. त्यानं सायकल उभी केली, ओल्या बाहीनं सीट पुसली आणि बाजूला सरकला.

"बाई, निघा!" मी या काठावरून बोंबललो. "सहा सत्तेचाळीस! निघा!"

त्या निघाल्या नाहीत. हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा सोडला. पाण्यापासून लांब एका दगडावर ठेवला. त्या माणसाशी एक शब्द बोलल्या नाहीत. टांग टाकली आणि गेल्या.

आम्ही बाकीचे त्याच दोराला धरून, त्याच्याच खांद्यावरून सायकली नेऊन पोचलो, तोवर सात वाजून गेले होते. त्या दिवशी रजिस्टरात मी बावीस लाल खुणा केल्या, माझ्यासकट. कमलबाईंच्या नावापुढं वॉचमननं सात वाजायच्या आधीच निळी टिकली मारून ठेवली होती. दुपारी मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या कायमच्या कागदावर सही केली.

जेवणाच्या सुट्टीत बाई रिकाम्या हातानं बसल्या होत्या. मल्लय्यानं आपली भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं ठेवली.

संध्याकाळी परतताना ओढा उतरला होता. धोंडे पुन्हा मांडलेले. माणूस कुठं दिसला नाही. दगडावर डबा होता, घासून लख्ख केलेला. बाईंनी तो उचलून हँडलला अडकवला आणि गुमान पुढं निघाल्या.

शनिवारी सकाळी त्यांच्या हँडलला दोन डबे होते.